थोरल्या जावेची नजर

१

नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या, पेढ्यांचा पुडा सुटला. मग आरोहीनं डोक्यावर पदर घेऊन बटण दाबलं, तर नव्या कोऱ्या कॉम्प्युटरनं आतला पंखा एकदा फर्रकन हलवला आणि तो गप्प बसला. पुन्हा दाबलं. पुन्हा फर्र, पुन्हा गप्प. स्क्रीन काळीठिक्कर.

"असं कसं?" रुद्र म्हणाला. रुद्र म्हणजे डोंगरकड्याच्या उकंडरावांचा धाकटा लेक. नांदेडहून एकेक सुटा भाग आणून कालच्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं हा कॉम्प्युटर जोडला होता, बायकोसाठी. "काल संध्याकाळी तर मस्त चालू झाला होता! सगळ्यांनी बघितलं ना!"

बघितलं होतं, अगदी सगळ्यांनी. थोरली सून साधनानंही बघितलं होतं, स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पिठाची परात धरून. आणि खोटं कशाला सांगायचं, तेव्हापासून तिच्या पोटात दुखत होतं. का नाही दुखणार? आरोही घरात येऊन दोन वर्षं झाली नाहीत. इंजिनियर लोकांना घराची रंगीत चित्रं करून देते, जुना लॅपटॉप पुरत नाही म्हणाली, की लगेच मोठा कॉम्प्युटर. साधना पिको-फॉलच्या मशीनसाठी घसा कोरडा करत होती, तिला दरवर्षी एकच उत्तर मिळायचं, "पुढच्या हळदीला बघू." पुढची हळद आली, शिजली, वाळली, पॉलिश होऊन पोत्यात बसली, पण मशीन काही आली नाही.

तेही तिनं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते नवऱ्याचं वागणं. माऊलीनं लग्न झाल्यापासून घरात झाडू हातात धरला नव्हता. त्या माऊलीनं परवा आरोहीच्या कॉम्प्युटरची खोली स्वतः झाडली. कोपऱ्यातली जाळी काढली. वर म्हणाला, "पोरगी हुशार हाय. मान राखाया पाहिजे." साधनाचा नुसता तिळपापड झाला. बोलून गेली सगळ्यांच्या देखत, "चालू झाल्यावर मग मान राखा. न्हाई झाला तर?"

आणि आज सकाळी तो झाला नाही.

पूजेत तर काही कमी नव्हतं. साधनानंच स्टुलावर चढून घराच्या दाराला तोरण बांधलं होतं. चौकटीवरची घोड्याची नाल एका अंगाला लोंबत होती, तिचा एक खिळा गेला होता. तिनं ती सरळ केली, ती पुन्हा वाकडी झाली, मग असू दे म्हणून ती उतरली. सासूबाईंनी, सखुबाईंनी, तो लोखंडी डबा पाटावर आडवा निजवला, अंगावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, मग रुद्रानं तो उचलून पुन्हा उभा केला. नारळ माऊलीनं फोडला. कॉम्प्युटर गप्प बसलेला पाहून त्याचाही चेहरा उतरला. खोबऱ्याचे तुकडे ताटात टाकून तो "टेम्पो थांबून राहिला," एवढंच पुटपुटला आणि हळदीची पोती घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यावर निघून गेला. उकंडराव पहिला माल घेऊन कालच तिकडं गेले होते.

रुद्रानं टेबलावर हात फिरवला. टेबलाखाली वाकला. "माझा पेचकस कुठंय? रात्री इथंच ठेवला होता."

पेचकस कुठंच नव्हता. रुद्र भाजीचा चाकू घेऊन आला, डब्यामागचे स्क्रू चाचपले आणि जागीच थबकला.

"हे दोन्ही स्क्रू मी काल गच्च आवळले होते," तो म्हणाला. "एक ढिला आहे. रात्री हा डबा कुणीतरी उघडला."

सखुबाईंनी सावकाश मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

२

"मी रातच्याला पाणी प्यायला उठले व्हते," सखुबाई म्हणाल्या. "तवा ही त्या खोलीतून बाहेर येऊन राहिली व्हती. विचारा तिला, काहून गेली व्हती?"

साधनाच्या हातातली परात खाली आदळली. "खिडकी लावाया गेले व्हते, आत्याबाई. मांजर येतं."

"खिडकी लावाया एवढा येळ?"

आरोही नुसती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. एरवी साधनाला त्या भरल्या डोळ्यांची चीड आली असती, पण आज तिला भीती वाटली. कारण रुद्र बोलला ते आरोहीच्या रडण्याहून वाईट होतं. "वहिनी, तुम्हाला नको होता तर तोंडावर सांगायचं होतं. असलं करण्यापेक्षा आम्ही दोघं नांदेडला खोली करून राहतो."

घर फुटायची भाषा निघाली आणि सखुबाई ताठ झाल्या. "कुणी कुठं जायचं न्हाई. दिवेलागणीला बाप्पे माणसं माघारी येतील. त्यायच्यासमोर साधना बेलभंडार उचलल. दिपाच्या डोक्यावर हात ठिवून म्हणल, मी केलं न्हाई अन मनात वाईट चिंतलं बी न्हाई. म्हणली की मिटलं. परत कुणी तिचं नाव घ्यायचं न्हाई."

दिपा म्हणजे साधनाची एकुलती एक लेक, पहिलीत जाणारी.

आता कुणाला वाटेल, केलंच नाही तर शपथ घ्यायला काय जातं? पण बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन या गावात कुणी खोटं बोलत नाही, आणि पोटच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून तर नाहीच नाही. "मी केलं न्हाई" हे साधना हजार वेळा म्हणाली असती. अडचण पुढच्या अर्ध्यात होती. काल रात्री ती खिडकी लावायला गेली होती, खरं आहे. खिडकी लावूनही ती तिथंच उभी राहिली, हेही खरं. अंधारात त्या डब्यावरचा लहानसा दिवा चमकत होता. तिनं डब्याला एक बोट लावलं आणि मनातल्या मनात म्हणाली, बंद पड मेल्या, कायमचा बंद पड.

चिंतलं होतं. चांगलं दातओठ खाऊन चिंतलं होतं.

शपथ घ्यावी तर दिपाच्या जिवाला घोर, आणि न घ्यावी तर "हिनंच केलं" हे जन्माचं कपाळी. सुटायची एकच वाट होती. दिवेलागणीच्या आत खरा माणूस शोधून काढायचा.

आणि एक गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती. रात्री ती त्या खोलीत उभी होती तेव्हा पेचकस टेबलावर होता. तिनं आपल्या डोळ्यांनी बघितला होता. म्हणजे तिच्यानंतर तिथं आणखी कुणीतरी गेलं होतं.

३

"भाऊजी, माझ्यावर राग असू द्या, पण एवढं सांगा. ह्याला झालंय काय?"

रुद्राला तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण ज्याला आपल्या यंत्राविषयी कुणी विचारतं त्याच्यानं गप्प राहवत नाही. डबा उघडाच होता. "हा बोर्डावरचा दिवा बघा. लागलाय ना? म्हणजे भिंतीतून करंट येतोय. वायर बराबर आहे, मागचं बटण चालू आहे. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, काही फरक नाही. बटण दाबलं की पंखा हलतो आणि लगेच बंद. म्हणजे आत कुठंतरी शॉर्ट होतंय. जिथं लोखंड लागायला नको तिथं लागलंय. करंट देणारा डबा शहाणा असतो, काही जळायच्या आत स्वतःच बंद होतो."

"मग कुठं लागलंय ते बघा की."

"दुकानदार म्हणाला, आता हात लावू नका, गॅरंटी जाईल. उद्या माणूस पाठवतो." रुद्रानं कपाळ धरलं. "वरवर तर काही दिसत नाही."

साधनानं डोकावून बघितलं. आत काळ्या वायरींचा गुंता होता, आणि बाजूच्या पत्र्याला आतून पिवळं काहीतरी लागलं होतं.

"हे काय?"

"हळद. आईनं पूजा केली ना."

साधना मागं सरली. ती आरोहीकडं गेली. कारण खरं सांगायचं तर तिचा सगळा संशय, आणि त्याहून जास्त तिची सगळी इच्छा, आरोहीवर होती. आपणच आपला कॉम्प्युटर बिघडवायचा, नाव थोरलीवर ढकलायचं आणि नवऱ्याला घेऊन नांदेडला मोकळं व्हायचं. किती छान बसत होतं सगळं! साधनाला जिना चढताना जवळजवळ आनंदच झाला होता.

आरोही माडीवर खाटेवर बसली होती, फोन हातात धरून.

"तुला नांदेडला जायचं व्हतं का आधीपासून?" साधनानं सरळच विचारलं.

"नांदेडला?" आरोहीनं नाक पुसलं. "तिथलं खोलीभाडं देऊन उरणार काय माझ्याकडं? ताई, हे बघा." तिनं फोन पुढं केला. काल संध्याकाळी तिनं चालू कॉम्प्युटरचा फोटो एका इंजिनियरला पाठवला होता. खाली त्याचं उत्तर होतं, की आजपासून एका मोठ्या कॉलनीचं काम तुमच्याकडं. "मी आज सुरू केलं नाही तर तो दुसऱ्याला देणार. मी कशाला पायावर धोंडा पाडून घेईन? आणि रात्री आम्ही दोघं मेल्यासारखे झोपलो होतो. दिवसभर तो डबा जोडत होतो."

साधनाचा आरोपी हातचा गेला. तिला चक्क वाईट वाटलं.

"ताई," आरोही म्हणाली, "तुम्हाला माझा राग येतो ना?"

"येतो."

"मला पण तुमचा येतो." आरोही खाली बघत होती. "दिपा तुमची. कोठीच्या किल्ल्या तुमच्याकडं. मी चहाला दूध किती घालायचं विचारलं तरी आत्याबाई म्हणतात, साधनाला विचार. मला वाटायचं, एकदा कॉम्प्युटर आला की मलाही कुणीतरी काहीतरी विचारेल."

 या पोरीला आपला हेवा वाटत असेल हे साधनाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. क्षणभर तिला बरंही वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. "मी केलं न्हाई," एवढं म्हणून ती जिन्याकडं वळली.

"दादा पण तेच म्हणाले होते," मागून आरोही बोलली. माऊलीला ती दादा म्हणायची. "परवा खोली झाडताना. म्हणाले, साधना तोंडानं फटकळ आहे, पण हातानं वाईट करणार नाही."

हातानं. साधना पायरीवरच थांबली. तो शब्द तिला कुठंतरी टोचला, पण का ते तिला लगेच कळलं नाही.

४

राहिल्या सखुबाई. नजरेची, दृष्टीची सगळ्यात जास्त धास्ती त्यांनाच. काल कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा त्या लिंबू-मिरची घेऊन आल्या होत्या आणि रुद्रानं हातपाय आपटले होते की आई, त्याला काही बांधायचं नाही, तो तापतो.

"आत्याबाई, तुमी रातच्याला त्याला काही बांधलं बिंधलं व्हतं का?"

"मी?" सखुबाईंनी दोन्ही हात तिच्यापुढं नाचवले. "ह्या बोटांनी?"

वातानं त्यांची बोटं वाकली होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण सुद्धा त्यांना रोज साधनाच उघडून द्यायची. असल्या बोटांनी आवळलेला स्क्रू फिरवणं शक्यच नव्हतं. आणि बांधलं असतं तर त्यांनी गावभर सांगितलं असतं, हेही होतंच.

साधना चुलीपुढं बसली आणि भाकऱ्या थापता थापता विचार करू लागली. पूजेची हळद तिनंच तर काढून दिली होती. दळलेली, चाळलेली, पिवळीधमक. तिनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली, उठली, कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन पत्र्याच्या आतल्या डागावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

ही पूजेची हळद नव्हती. ही मातकट होती, खरबरीत होती, आणि तिला हळकुंडांच्या सालीचा, धुळीचा वास होता. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवतात तेव्हा जो भुसा उडतो तो हा. ड्रमवर काम करणाऱ्याच्या हातापायाला, कानाच्या पाळ्यांना तो असा बसतो की साबण घासला तरी निघत नाही. आणि पूजा तर डब्याच्या बाहेरून झाली होती. हा डाग आतून होता.

म्हणजे ड्रमवरून आलेला माणूस. रुद्र त्या धुळीच्या आसपास फिरकत नाही, त्याला शिंका सुरू होतात. आरोही, सखुबाई, ती स्वतः, कुणीच कालपासून शेतात गेलं नव्हतं. उकंडराव रात्री हिंगोलीत होते.

उरला फुलसिंग. तांड्यावरचा फुलसिंग, स्वतःच्या ट्रॅक्टरवर पॉलिशचा ड्रम घेऊन गावोगाव फिरायचा, आणि गेले काही दिवस यांच्याच शेतात होता. साधनानं भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि ती जवळजवळ पळतच निघाली.

५

ड्रम घरघरत होता आणि फुलसिंग रुमालानं तोंड बांधून बाजूला उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. साधनाला बघून त्यानं रुमाल खाली केला. "आज तुमी आल्या? कुणाला तरी पाठवायचं ना, वहिनी."

"फुलसिंगभाऊ, काल रातच्याला तुमी आमच्या घराकडं आला व्हता का?"

"मी?" फुलसिंग हसला. "ड्रम फिरता ठेवून मी कुठं जातो? थांबवला तर माल आतमधी चिकटते. रातभर इथंच होतो. माझ्या बायकोनं, चंदाबाईनं डबा पाठवला, तोच खाल्ला. काहून?"

"काही न्हाई." साधनाला रडू यायला लागलं. हाही गेला.

"मालक गेले होते ना घरी जेवायला," फुलसिंग भाकरीचं फडकं सोडत म्हणाला. "लई उशिरा गेले, पण गेले. आले तर हातात पेचकस. मी म्हणलं, हे बराबर आणलं. ड्रमच्या झाकणाचा स्क्रू ढिला झाला होता, सारखा भुसा बाहेर. त्यानंच आवळला. तिथं ठेवला पहा."

ट्रॅक्टरच्या सीटवर, पाण्याच्या बाटलीशेजारी, रुद्राचा पेचकस पडला होता.

मालक म्हणजे माऊली.

साधनाला वाटलं ड्रम आपल्या डोक्यातच फिरतोय. रात्री तिनं नवऱ्याचं ताट झाकून ठेवलं होतं आणि ती दिपाला कुशीत घेऊन झोपली होती. सकाळी ताट रिकामं होतं. तो रोज उशिरा येतो, जेवतो, जातो. इतकं रोजचं, की कुणाच्याही ध्यानात आलं नाही, तिच्यासुद्धा नाही. चोराचा विचार करताना घरात जेवायला आलेला माणूस कोण मोजतं?

पण कशासाठी? ज्या कॉम्प्युटरसाठी त्यानं जाळी काढली, तोच का बिघडवेल? तिनं फोन लावला. मोंढ्यावर लिलाव चालू होता, नुसता गलका. "काय? काय? आवाज येईना, सांजच्याला बोलू," असं ओरडून माऊलीनं फोन ठेवला.

ती पेचकस घेऊन घरी आली. दारात क्षणभर टेकली. तोरणाच्या वर नाल वाकडी लोंबत होती, एका खिळ्यावर. आणि मग साधनाच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ती चौकट एवढी उंच की तिला स्टूल लागतं, रुद्राला टाचा वर कराव्या लागतात. नुसता हात वर करून तिथवर पोचणारा माणूस घरात एकच.

खोलीत कुणी नव्हतं. तिनं फोनची बॅटरी लावली आणि उघड्या डब्यात खाली, अगदी तळाशी, बघितलं. काळ्या वायरी, काळ्या वायरी, आणि त्यांच्यात एक वायर जी वायर नव्हतीच. काळा दोरा होता. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारलेला नालेचा खिळा होता, आणि तो बोर्डाच्या खालच्या कडेवर सुईसारख्या बारीक काड्या असतात, त्यांवर आडवा पडला होता.

तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. आत्ता गुपचूप काढला तर कॉम्प्युटर लगेच चालू होईल. पण मग सगळे म्हणतील, रात्री हिनंच घातलं, शपथेला भिऊन हिनंच काढलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बापलेक माघारी आले होते.

६

उकंडराव कॉम्प्युटरच्या खोलीतच बाजेवर बसले. त्यांना सखुबाईंनी अंगणातच सगळं सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. समोर पाटावर ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा. दिपाला सखुबाईंनी नवा फ्रॉक घालून आणून बसवलं होतं, काय चाललंय ते त्या लेकराला कळत नव्हतं. माऊली दाराशी उभा होता. शपथेचं त्याला आत्ताच समजलं होतं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"उचल बाई," उकंडराव म्हणाले.

"उचलते, मामा. पण अर्धीच शपथ घेईन." साधना म्हणाली. "मी केलं न्हाई. चिंतलं मात्र व्हतं. रातच्याला तिथं उभी राहून म्हणले, बंद पड. मला हिचा हेवा वाटतो. वाटतो म्हणून सांगते. पण माझ्या म्हणण्यानं तो बंद पडला न्हाई. भाऊजी, डब्यात बघा."

रुद्र गोंधळून उठला. तिनं पेचकस त्याच्या हातात दिला.

"तळाला वायरींत हात घाला. एक काळा दोरा हाय. वायर समजून तुमी त्याला दिवसभर सोडला."

रुद्रानं दोरा ओढला. खिळा बाहेर आला, दिव्याखाली लोंबू लागला. त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीन उजळली. आरोहीच्या तोंडून हुंदका निघाला आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"मी न्हाई गं बाई!" सखुबाई आधीच ओरडल्या.

"तुमी न्हाईच, आत्याबाई. तुमच्या बोटांना स्क्रू फिरत न्हाई. हा खिळा आपल्या दारावरच्या नालेचा हाय. स्टूल न घेता तिथवर हात पोचणारा माणूस पाहिजे. डब्याला आतून डाग लागला तो पूजेच्या हळदीचा न्हाई, ड्रमच्या भुशाचा हाय. मामा हिंगोलीत व्हते. फुलसिंगभाऊनं ड्रम सोडला न्हाई. जेवाया घरी आलं कोण, अन जाताना पेचकस घेऊन गेलं कोण? त्यानं हा तळाला नीट ठिवला असंल. पण सकाळी पूजेला डबा आडवा निजवला, पुन्हा उभा केला, तवा खिळा घसरला अन नको तिथं जाऊन बसला."

 सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

"म्या ठिवला," माऊली म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या अजून पिवळ्या होत्या. "आपल्या दाराला हाय ना नाल, म्हणून घर सुखात हाय. म्हणलं, ह्यालाबी लोखंडाची राखण असावी. रुद्र वरून काही बांधू देईना, म्हणून आतून ठिवला. मला काय ठावं, लोखंडानंच घात व्हईल म्हणून. सकाळी बंद पडला तवा मनात आलं व्हतं, पण जीभ उचलली न्हाई."

"राखण कुणापासून?" साधनानं विचारलं.

माऊलीनं कानाची पाळी चोळली.

"कुणाच्या नजरेपासून? बोला की. हातानं वाईट करणार न्हाई म्हणालात, मग कशानं करणार व्हते मी?"

"तुझ्याचसाठी ठिवला गं," तो कसाबसा म्हणाला. "तू ज्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघून राहिली व्हतीस. उद्या काही बिघडलं असतं तर समद्यांनी तुझंच नाव घेतलं असतं. तुझ्यावर बालंट येऊ नये म्हणून ठिवला. देवाशप्पथ."

सखुबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "बघ, नवऱ्यानं तुझ्याच भल्यासाठी केलं. मिटलं आता. पेढे आणा कुणीतरी."

साधनालाही मिटवायचं होतं. खरंच होतं. तिचं मन एवढंसं झालं होतं, आणि "तुझ्याचसाठी" या एका शब्दावर ते उबदार व्हायला निघालं होतं. तेवढ्यात कॉम्प्युटरनं टुंग असा आवाज केला. माऊलीची मान झटकन तिकडं वळली. आधी स्क्रीनकडं, मग आरोहीकडं. ती हसली तसा तोही हसला, अगदी सुटल्यासारखा. बायकोकडं बघायचं त्याला सुचलं नाही.

साधनानं पाटावरची ताटली उचलली आणि नवऱ्यापुढं धरली.

"घ्या. बेलभंडार उचला. दिपाच्या डोक्यावर हात ठिवा अन म्हणा, हा खिळा मी साधनाचं नाव वाचवाया ठिवला, आरोहीचा कॉम्प्युटर वाचवाया न्हाई. एवढं म्हणा, मी परत जन्मात कुणाचा हेवा करणार न्हाई."

"वहिनी, जाऊ द्या आता," रुद्र म्हणाला.

"बोलू द्या त्यायला."

माऊलीनं बेलाचं पान उचललं. दुसरा हात लेकीच्या डोक्याकडं नेला. दिपानं वर बघितलं, तिला वाटलं बाप कुरवाळतोय, म्हणून ती हसली. हात डोक्यावर येता येता तसाच अधांतरी थांबला. माऊलीचे ओठ हलले, पण त्यांतून शब्द निघाला नाही. आरोही भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. उकंडरावांनी डोळे मिटून घेतले.

 साधनानं लेकीला त्या हाताखालून आपल्याकडं ओढून घेतलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "लेकराच्या जिवावर खोटं बोलला न्हाई, एवढं बरं केलं. चल गं दिपा, जेवायला."